आईचा रिपोर्ट नॉर्मल आला त्यानंतर

१२ मे २००४, बुधवार

आईचा ईएसआर (संधिवाताची रक्ततपासणी, विसाच्या आत नॉर्मल) अठरा. नळी मीच लावली, मीच वाचली, मग लॅबच्या सरांनाही वाचायला लावली. तेही अठराच म्हणाले. दोन वर्षांपूर्वी चौऱ्याऐंशी होता. तेव्हा मला लॅबमध्ये लागून महिनाच झाला होता, आणि माझंच काहीतरी चुकलं असं वाटून मी नळी दुसऱ्यांदा लावली होती.

दुपारी आईला घेऊन सांध्यांच्या डॉक्टरांकडे. पुण्याहून महाडात महिन्यातून एकदाच येतात, त्यामुळे जिन्यापर्यंत गर्दी. त्यांनी बोटांचं एकेक पेर दाबून पाहिलं, मग मनगटं, गुडघे. सूज कुठेच नाही. म्हणाले, संधिवात शांत झालाय, याला रेमिशन म्हणतात. असंच राहिलं तर ऑगस्टमध्ये गोळ्या कमी करायला घेऊ. आईला विचारलं, बरं वाटतंय ना? आई म्हणाली, "बरं हाय."

येताना स्टँडसमोरून पाव किलो पेढे. आई एसटीत बसल्या बसल्या झोपली ती पोलादपूर आल्यावरच उठली.

१३ मे, गुरु.

काल संध्याकाळी बाबांनी वाडीतल्या सगळ्यांना ओटीवर बोलावलं आणि मला रिपोर्ट वाचायला सांगितला. आधी इंग्रजीत वाचला, मग मराठीत सांगितला. शेवटी मी म्हणाले, "म्हणजे आता आजार नाही." अगदी याच शब्दांत.

काकूने (चुलतकाकू, भिंतीला भिंत लागून घर) दोनदा विचारलं, "नाय म्हंजे पुरता नाय?" मी म्हणाले, पुरता नाही. तिने आईच्या तोंडात आख्खा पेढा कोंबला. दोन वर्षं दोन्ही घरच्या भाकऱ्या तीच थापतेय, तिला आनंद होणारच.

बाबा सगळ्यांना सांगत होते, "आमच्या वंदूने कागद वाचला म्हंजे वाचला." मी बी.एस्सी. झाले तेव्हासुद्धा एवढं बोलले नव्हते. लाज वाटली. बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

१९ मे, बुध.

काकू सोमवारपासून भाकऱ्यांना येत नाही. भांडण वगैरे नाही. आईनेच तिला सांगितलं, आता माझ्या मी करते. बरोबरच आहे.

आज सव्वापाचला जाग आली. आई चुलीपुढे गरम पाण्याच्या तांब्याला दोन्ही पंजे लावून बसली होती. काय गं, म्हटलं. म्हणाली, चूल पेटायची वाट बघतेय. चूल तर पेटलेली होती.

तांदळाची उकड मळताना तिने बोटं वापरलीच नाहीत. मनगटाच्या वरच्या भागाने रेटत होती. दोन वर्षांत सवय मोडली असेल.

२४ मे, सोम.

धाकट्या बहिणीशी, मंगीशी भांडण झालं. मी म्हटलं, शाळेला सुट्टी आहे म्हणून आठ-आठपर्यंत लोळतेस, आईला जरा मदत कर. ती उसळली. "तू साडेसहाच्या गाडीने जातेस, तुला काय माहीत? पाचला उठून आईच्या झंपरचे हूक मी लावते. वेणी मी घालते. मग परत झोपते." मग रडवेली होऊन, "तुला सांगायचं नव्हतं. आईने शपथ घातलीय."

दोन वर्षांपूर्वी हूक मी लावायचे. मधेच कधीतरी ते बंद झालं. मी धरून चालले की आता तिचे तिला लागतात. विचारलं नाही. एकदाही नाही.

२५ मे, मंगळ.

मुद्दाम दुपारची सुट्टी घेतली. बाबा बाजाराला गेलेले. आई सुपात नाचणी घेऊन बसली होती, खडे काढत.

हात दुखतात का विचारलं. थोडे, म्हणाली. कधीपासून? तर म्हणे पुरते गेलेच नाहीत कधी. पहिल्यासारखे नाहीत पण. मग एक खडा उचलून बाजूला टाकला. "पयलं कसं, निखारा ठेवल्यासारकं. आता तसं नाय. आता अंगावर ओलं गोणपाट टाकल्यासारकं. उचलत नाय आणि पडतपन नाय."

मग डॉक्टरांना बरं का सांगितलंस?

"तुझा कागद बरा आला ना."

माझा नाही, तुझा कागद.

"वाचलास तू. सगळ्या वाडीत. आता मी दुखतं म्हटलं तर लोकं काय म्हणतील, हिच्या पोरीला वाचता येत नाय." आणि परत सुपाकडे.

२६ मे, बुध.

रात्रभर आधी स्वतःचा राग आला, मग तिचा. सकाळी राग गेला आणि त्याच्या जागी प्रश्न उरला. सूज नाही. डॉक्टरांचा हात खोटा नाही, माझी नळी खोटी नाही. आई तर खोटं बोलणारी नाहीच. ती बोलतच नव्हती. मग हे आहे काय? कुठून येतं?

ठरवलं, लिहायचं. याच वहीत मागच्या पानांवर. मू = मूठ पूर्ण वळते ती वेळ. हू = हूक स्वतः लावता आले का. थ = थकून आडवी झाली ती वेळ. आईला विचारलं, लिहू का? म्हणाली लिही, पण बापाला दाखवू नको. आणि ऑगस्टच्या आत बंद कर.

ऑगस्टच्या आत का, विचारलं. तिने चुलीत लाकूड सारलं.

मला भीती वेगळीच आहे. डॉक्टर गोळ्या कमी करणार ते दोन गोष्टींवर. अठरा हा आकडा, आणि आईचं "बरं हाय". त्यातली एक गोष्ट खरी नाही, आणि ते मला आणि मंगीलाच माहीत आहे.

३ जून, गुरु.

आठवडा झाला. मू. कधी सहाला, कधी पावणेसातला. हू. एकदाही नाही. थ. दुपारी दोनच्या सुमारास, रोज. जेवण झाल्यावर भांडी तशीच ठेवून ती आडवी होते आणि मी येण्याआधी उठून घासते. मंगीने सांगितलं.

मला खात्री होती की आभाळ भरलं की जास्त दुखत असणार. काकूही तेच म्हणते. पण पानं उलटून पाहिली तर तसं काही नाही. रविवार कोरडा ठणठणीत होता आणि त्या दिवशी मू. सर्वांत उशिरा. मग दिसलं की शनिवारी तिने गोधड्या धुतल्या होत्या. म्हणजे काम केलं त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. का? माहीत नाही.

हे सापडलं तेव्हा मला आनंद झाला. खरंच झाला, कॉलेजात प्रॅक्टिकलचं उत्तर जुळावं तसा. मग वर पाहिलं तर आई भिंतीला धरून उठत होती.

५ जून, शनि.

लॅबमध्ये जुलेखाआपा आल्या. महाडच्याच, नवरा कुवेतला, पाच वर्षांपासून हाच संधिवात. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला येतात. आज त्यांचा ईएसआर चौदा. रिपोर्ट न बघताच घडी करून पर्समध्ये टाकला.

मी विचारून टाकलं, आपा, सकाळी मूठ किती वाजता वळते?

त्या उठल्या होत्या, परत बसल्या. "सून बोलली काय तुला?"

नाही, म्हटलं, माझ्या आईचं असंच आहे.

मग अर्धा तास बोलल्या. सर दोनदा आतून बघून गेले. पहाटेच्या नमाजाआधी हातपाय धुवायला जातात तेव्हा नळाची तोटी फिरत नाही, मनगटाने ढकलतात. नवरा दर शुक्रवारी फोन करतो, पहिला प्रश्न रिपोर्टचा. नॉर्मल सांगितलं की म्हणतो शुक्र आहे, आता रडगाणं बंद. "मी बोलले त्याला, तू ये इकडं. तोटी तू फिरव, रिपोर्ट मी वाचते." स्वतःच हसत सुटल्या.

काय करता मग, विचारलं. काम तोडून करतात. मासे साफ केले की पडायचं, मग वाटण. सून तोंड वाकडं करते. "करू दे. पहिली दोन वर्षं मी लाजून उभी राहिले. काय मिळालं?"

ही आपांचीच गोष्ट आहे की आईची? दोघींची एकच? लॅबमध्ये असे कितीजण घडी घालून जात असतील.

९ जून, बुध.

एक कल्पना डोक्यात घोळत होती. आपण रक्त घेतो ते अकरा वाजता, तोवर आईची मूठ वळलेली असते. पहाटे घेतलं तर? आज पाचला उठून तिचं रक्त काढलं, चुलीच्या उजेडात. बाबा गोठ्यात होते. आई म्हणाली, "कोंबडंपन आरवायच्या आत सुई. कुठल्या जन्माचं वैर गो तुझं." पण हात पुढे केला. पहिली एसटी धरली, नळी लावली, तासभर तिच्यासमोरून हलले नाही.

सतरा.

मला पन्नास हवे होते. स्वतःच्या आईच्या रक्तात मी आजार शोधत होते आणि सापडला नाही म्हणून खट्टू झाले. हेही लिहून ठेवते.

सर रागावले, डॉक्टरांची चिठ्ठी नसताना रक्त का लावलंस. सगळं सांगितलं तेव्हा निवळले. म्हणाले, ही नळी सूज सांगते, दुखणं सांगायला ती केलेलीच नाही. मग दुखणं कशाने कळतं? म्हणाले, ते पेशंटला विचारायचं असतं, ते आपलं काम नाही. आणि डबा उघडला.

२७ जून, रवि.

भातलावणीच्या पाळ्या ठरल्या. आमच्या वाडीत लावणीला मजूर नाहीत. सात घरं, आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या, आणि प्रत्येक घरातून एक बाई उतरलीच पाहिजे. दोन वर्षं आमच्या घरातून कोणी उतरलं नाही. आमची खाचरं मात्र सगळ्यांनी लावून दिली, कोणी एक शब्द बोललं नाही.

काकू मोठ्या उत्साहात आली. "आक्का, या साली तू माझ्या बाजूला. रांग धरावी तर तूच." आई म्हणाली, येते की. बाबांनी मान डोलावली. मी आतून म्हटलं, तिला नाही जमणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, "का? तूच ना सांगितलंस आजार नाय म्हणून?"

आईने डोळ्यांनीच गप्प बसवलं.

४ जुलै, रवि.

काकूच्या खाचरात लावणी. मी बांधावर छत्री घेऊन उभी. आता बसेल, मग बसेल.

बसली नाही. आई सगळ्यांच्या पुढे होती. चिखलात हात घातला की तिची बोटं वेगळीच होतात. रोपाची जुडी डाव्या हातात, उजव्या हाताने चार काड्या तोडून टोचायच्या, मागे सरकायचं. रांग अशी सरळ की दोरी लावल्यासारखी. काकू ओरडली, "दोन वर्सं बसून खाल्लीस आणि आता आम्हालाच मागं टाकतेस होय गो?" सगळ्या हसल्या. आई सर्वांत जास्त. म्हणाली, "तू रोप लावतेस का त्याला अंगाई गातेस?"

दोन वर्षांत तिला इतकी खूष पाहिली नव्हती. घरी येताना मी चक्रावून गेले. उद्या यातलं काय लिहू? की दुखत नाही? हे दुखणं आहे तरी कसलं, की हूक लावू देत नाही आणि लावणी करू देतं?

६ जुलै, मंगळ.

काल परत गेली होती. आज उठलीच नाही.

ताप नाही. डॉक्टरांनी दाबले तसे सगळे सांधे दाबून पाहिले, सूज नाही. चहाची बशी दोन्ही हातांनी धरली तरी थरथरत होती. बोलायचंही तिच्या जिवावर येत होतं. बाबा दारात उभे, आत येईनात. "परत आला काय गो तो?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

रक्त घेऊन महाडला. आंबेनळी घाटात दरड आली म्हणून वरून येणारी गाडी उशिरा, पोलादपुरात तासभर तिष्ठत. एकोणीस.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. "एकोणीस म्हंजे विसाच्या आत. बरोबर?" बरोबर. "मग उठत का नाय ती?" ते चिडून विचारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझा प्रश्न तोच, आणि आता तो विचारणारे घरात दोघं झालो.

८ जुलै, गुरु.

लॅबमधून आले तर काकू ओटीवर बसलेली, सोबत वाडीतल्या दोघीतिघी. बाबा खांबाला टेकून. आई आत पडून होती, पण दार उघडं.

काकू म्हणाली, कागद बरा म्हणता आणि बाई झोपून, लोकं मला विचारतात, मी काय सांगायचं? विहिरीवर बोलणं झालंय. काय बोलणं, मी विचारलं. ती सांगेना. मग दुसरीनेच सांगितलं, अंग चोरते म्हणतात.

आईचं दार उघडंच. ऐकलं असणारच.

मी म्हटलं, मेमध्ये मी इथेच बसून म्हणाले होते, आजार नाही. ते चुकलं माझं. कागद बरोबर होता, पण त्यातून मी जे सांगितलं ते त्यात नव्हतं. सूज गेलीय एवढंच त्यात आहे. दोन वर्षांत एक दिवस तिने स्वतःचे हूक लावलेले नाहीत. आणि परवा ती तुमच्यापुढे लावणी करत होती तेही खोटं नव्हतं.

"मग बरी हाय का नाय? एक काय ते सांग."

"दोन्ही, काकू."

"असं कुठं असतं?"

"असतं. महाडात आणखी एकीचं बघितलंय मी. का असतं ते मला माहीत नाही."

बाबा उठून गोठ्यात गेले. जेवताना एवढंच म्हणाले, "सगळ्यांसमोर माहीत नाय म्हणालीस." मी म्हटलं, माहीतच नाही बाबा. "मग येवढं शिकून..."

आईशी आज माझं बोलणं नाही. ती माझ्याशी बोलत नाहीये. हूकांचं सगळ्यांत सांगितलं म्हणून.

११ जुलै, रवि.

आईच्या पाळीला मी उतरले. सहा वर्षांत चिखलात पाय घातला नव्हता. पहिल्या रांगेतली निम्मी रोपं पाण्यावर तरंगायला लागली. काकू म्हणाली, "बाय, ते नळीत नाय घालायचं, चिखलात घालायचं." हसण्याचा पाऊस. मीही हसले, दुसरं काय करणार. तिने मागून येऊन माझी रांग परत लावली.

दुपारी बांधावर भाकरी खाताना काकू माझ्या शेजारी बसली. हळूच म्हणाली, तिने आधीच बघितलं होतं. लावणीच्या दुसऱ्या दिवशी आई जुडी दातांनी सोडत होती. "मला वाटलं घाई हाय तिला. विचारलं नाय मी." मग भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "कोणीच विचारलं नाय काय गो?"

उद्या माझे हात वर होतील असं वाटत नाही. पण माझं परवा जाईल.

१६ जुलै, शुक्र.

काकूने सोमवारी आपणहून नवी पाळी मांडली. आईने एक दिवस लावायचं, दोन दिवस बसून सगळ्यांचा भात शिजवायचा. तेही घरातून एक बाई उतरली असंच धरायचं. दोन घरांनी नाक मुरडलं. एकीने तोंडावर विचारलं, मलापण असा कागद आणून दे की. काकू तिला म्हणाली, आधी महिनाभर तुझे हूक मुलीकडून लावून घे, मग आणते. आता हे हूक सगळ्या वाडीत झाले. आईला कळलं तर काय, या भीतीने मी गप्प होते. तिला कळलंच. पण आज माझ्याशी बोलली, मीठ दे म्हणाली.

मागच्या पानांवर बघितलं. एक दिवस लावणी, दोन दिवस बसून, या हिशेबाने मू. थोडी अलीकडे आलीय. साडेसहाच्या आत. हू. नाहीच. थ. तशीच. पाच दिवसांवरून काही ठरवता येत नाही. ठरवावंसं फार वाटतं.

८ ऑगस्ट, रवि.

बुधवारी डॉक्टर. त्यांच्यासाठी मागच्या पानांवरून एक कागद नीट अक्षरात तयार केला. तारखा, वेळा, मू. हू. थ. सगळं पूर्ण शब्दांत. ईएसआर एका बाजूला. लावणीचे दिवस खूण करून. सरांना दाखवला, त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, हा त्यांना दे, बघतील ते.

घरी आईला वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला, हाताची घडी घालून. मी विचारलं, काही चुकलंय?

"चुकलं नाय. सगळं हाय तसं हाय." मग थोड्या वेळाने, "पन हे तुझं झालं. मी असं बोलत नाय."

मी म्हटलं, तू बोलणार का तिथे? की परत बरं हाय?

ती उठून कोंबड्या झाकायला गेली. गोळ्या कमी झाल्या आणि मग सूजही परत आली तर? की काहीच होणार नाही? की या ओल्या गोणपाटाचा गोळ्यांशी संबंधच नाही? मला एकाचंही उत्तर माहीत नाही, आणि बुधवारी तिच्या एका शब्दावर ठरणार.

११ ऑगस्ट, बुध.

ईएसआर सोळा. आजवरचा सर्वांत कमी.

डॉक्टर खूष. बोटं दाबून पाहिली, छान म्हणाले, पेन उघडलं, आता आठवड्याच्या गोळ्यांतली एक कमी करू. मी पर्समधून कागद काढायला लागले.

आई म्हणाली, "वंदे, तू भायेर थांब."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. डॉक्टरही थांबले. ती माझ्याकडे न बघता परत म्हणाली, "थांब गो जरा भायेर. तू असलीस का माझ्या तोंडातून बरं हाय येतं."

बाहेर बाकावर बसले. कागद हातातच राहिला. पडद्यामागून आईचा आवाज येत होता, शब्द नाही. नुसता आवाज, खालच्या पट्टीत, न थांबता. ती एवढं सलग बोलते हे मला माहीत नव्हतं. मधे एकदा डॉक्टर काहीतरी विचारत होते. माझ्या पुढच्या नंबरची बाई घड्याळ दाखवून कुरकुरत होती. पंचवीस मिनिटं.

ती बाहेर आली, डोक्यावरचा पदर सारखा करत. चिठ्ठी माझ्या हातात दिली. गोळ्या तशाच. खाली हिमोग्लोबिन आणि थायरॉइड, आणि तीन महिन्यांऐवजी एका महिन्याने बोलावलंय. हाताच्या व्यायामाचा एक कागद, चित्रांचा.

जिना उतरताना विचारलं, काय सांगितलंस?

"माझं मी सांगितलं."

ते काय म्हणाले?

"हे असं पुष्कळांना राहतं म्हणाले. का राहतं ते त्यांनापन पुरतं ठाव नाय. पन लिहून घेतलंन सगळं." ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. मी हात दिला नाही, मागितला नव्हता.

एसटीत ती जागी होती. पोलादपूर स्टँडवर बाबा आलेले, पावसात, पिशवी डोक्यावर धरून. गाडी थांबायच्या आत खिडकीपाशी आले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय आलं?"

मी मागे सरकून आईला खिडकीपाशी जागा दिली.

मग त्यांनी आईकडे बघितलं.